आवाहनपत्रातील छायाचित्र

सेवाभावी संस्था देणगीदारांना टपालाने पाठवतात त्या मदतीच्या आवाहनपत्रातील छायाचित्र. अशी पत्रे मुख्यतः दिवाळीच्या तोंडावर आणि देणगीवरील आयकर सवलतीमुळे मार्चअखेर निघतात. पाकीट फोडल्यावर नजर आधी फोटोवर आणि मग फोटोओळीवर जाते. पुढचा मजकूर वाचायचा की नाही, हे बहुधा तिथेच ठरते. प्रस्तुत नोंद नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात आहे.

घोळक्याच्या फोटोपेक्षा एका माणसाचा फोटो अधिक परिणामकारक ठरतो. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी झालेल्या प्रत्येकाच्या हातात पाच डॉलर दिले होते. माली देशातील रोकिया या सात वर्षांच्या मुलीची ओळख करून दिलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, तर उपासमारीची नुसती आकडेवारी वाचणाऱ्यांनी १.१४ डॉलर. रोकियाच्या जोडीला आकडेवारीही दिली, तेव्हा रक्कम १.४३ वर उतरली. वार्षिक अहवालातला तक्ता फोटोशेजारी छापण्याची आपल्या संस्थांची सवय म्हणूनच सोडायला हवी. विश्वस्तांच्या दीपप्रज्वलनाचा फोटो तर सर्वांत कुचकामी, कारण ज्याच्यासाठी पैसे मागायचे तो माणूस त्यात कुठेच नसतो.

उदास चेहऱ्याला हसऱ्या चेहऱ्यापेक्षा अधिक देणगी मिळते, असे २००९ च्या एका अभ्यासात आढळले. हा मोह जुना आहे. लंडनमध्ये १८७० च्या दशकात निराधार मुलांचे आश्रम चालवणारे टॉमस बर्नार्डो आपल्या आश्रमातील मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे जोडफोटो विकून निधी उभारत. ‘आधी’च्या फोटोत मुले मुद्दाम अधिक फाटक्या कपड्यांत दाखवल्याचा आरोप झाला आणि १८७७ मध्ये लवादाने या प्रकारावर ठपका ठेवला.

नाशिकमध्ये हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण फोटोतला माणूस आणि देणगीदार एकाच जिल्ह्यात राहतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पाऊस मुबलक पडतो, तरी उन्हाळ्यात पाड्यांवरच्या विहिरी आटतात. तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरणाऱ्या बाईचा फोटो दर उन्हाळ्यात छापला जातो. तीच बाई पावसाळा सरल्यावर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला, विरळणीला, डिपिंगला (घड औषधाच्या द्रावणात बुडवायला) येते. बागायतदार हाच आवाहनपत्राचा वाचक असू शकतो. तिचा मुलगा शहरातल्या वसतिगृहात राहून शिकत असेल, तर पत्र त्याच्या वर्गमित्राच्या घरीही जाऊ शकते. ज्या फोटोमुळे त्या मुलाला वर्गात मान खाली घालावी लागेल, तो कितीही पैसे आणणारा असला तरी वापरू नये. विहिरीची खोली जरूर दाखवावी. बाईचा फोटो मात्र हंडा घेऊन वर आल्यावरचा, सरळ समोर पाहतानाचा असावा. फोटोओळीत तिच्या परवानगीने तिचे नाव, पाड्याचे नाव आणि विहिरीपासून पाड्यापर्यंतच्या पाइपलाइनचा खर्च लिहावा. फोटो पाण्याचा आणि मागणी संगणकांची, अशी विसंगती वाचकाच्या लगेच ध्यानात येते.

संमतीच्या कागदावर अंगठा घेतल्याने काम संपत नाही. फोटो कुठे छापणार, कोणाला पाठवणार हे तिच्या बोलीत सांगावे आणि छपाईआधी नमुना प्रत घरी नेऊन दाखवावी. पेठ नाशिकपासून काही तासांच्या अंतरावरही नाही, त्यामुळे ‘जाणे जमले नाही’ ही सबब पटण्यासारखी नाही. बालकांबाबत कायदाच आहे: बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार चौकशी वा न्यायप्रक्रियेशी संबंधित, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. बालगृहांनी अशा वेळी पाठमोरा फोटो, मुलांची चित्रे, वह्या किंवा शिकवणाऱ्या ताईंचा फोटो वापरावा.

छपाईत चांगला फोटोही बिघडतो. दुपारच्या उन्हात गांधी टोपी किंवा डोक्यावरचा पदर पांढराफटक येतो आणि चेहरा काळवंडतो. ऑफसेट छपाईत शाई कागदात पसरते, त्यामुळे सावळा चेहरा आणखी गडद छापला जातो. फोटो सकाळी किंवा ओसरीच्या सावलीत काढावा आणि छापखान्यात देण्याआधी चेहऱ्याचा भाग थोडा उजळावा. माणूस गोरा मात्र करू नये. चार बाय सहा इंचांच्या फोटोला ३०० डीपीआयप्रमाणे (दर इंचाला ३०० ठिपके) १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोची फाइल लहान होऊन दर्जा घटतो, म्हणून कार्यकर्त्यांनी तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) ए-४ कागद सुमारे ५ ग्रॅम भरतो, १३० जीएसएमचा आर्ट पेपर सुमारे ८ ग्रॅम. पाकीट आणि देणगीचा फॉर्म धरला की वजन २० ग्रॅमच्या आसपास जाते. त्यापुढे टपालखर्च वाढतो, म्हणून वेगळ्या रंगीत पत्रकापेक्षा पत्रातच एक मोठा फोटो छापणे परवडते.

देणगीच्या पावतीसोबत त्याच जागेचा पुढचा फोटो पाठवणाऱ्या संस्था थोड्या आहेत. पाइपलाइन झाली असेल तर नळाचा पाठवावा. काम अडले असेल तर अर्धवट खणलेल्या चराचा फोटो आणि अडण्याचे कारण कळवावे. दुसऱ्या गावच्या नळाचा फोटो तिथे लावू नये.