एच८ आणि एच११: फॉगलॅम्पचे बल्ब दिसायला जुळे, पण एकाच्या जागी दुसरा नको

"एच८ नसेल तर एच११ टाक, बसतो, उलट उजेड जास्त पडतो" हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो. बसतो, तोही बऱ्याचदा घासून बसवावा लागतो, पण लहान गाडीच्या फॉगलॅम्पमध्ये, म्हणजे धुक्यात लावायच्या खालच्या दिव्यात, तो टाकू नये.

एच११ तुम्हाला माहितीच असेल, बऱ्याच गाड्यांच्या हेडलाइटला असतो. ५५ वॉट, एकच फिलामेंट, काटकोनात वळलेला प्लास्टिकचा कनेक्टर. एच८ हातात घेतला तर हुबेहूब तसाच, काचेचं टोकही तसंच काळं. पण तो ३५ वॉटचा.

सगळा घोळ या मधल्या २० वॉटचा आहे. दोन्ही हॅलोजन बल्ब, आणि हॅलोजन बल्ब विजेतला थोडाच भाग उजेडाला वापरतो, बाकी सगळी नुसती उष्णता. हेडलाइटचं घर मोठं असतं, त्यात ती पसरते. फॉगलॅम्प म्हणजे बंपरमध्ये बसवलेली लहानशी डबी, आणि ती ३५ वॉटच्या हिशोबाने बनवलेली असेल तर ५५ टाकल्यावर आत दीडपटीहून जास्त उष्णता कोंडते. पहिल्या रात्री काहीच होत नाही, म्हणूनच लोक छातीठोकपणे सांगतात की मी कधीचा वापरतोय. ओळखीतल्या एकांचा असाच लॅम्प मी उघडला होता, बल्बच्या बरोबर वर रिफ्लेक्टरची (उजेड पुढे फेकणाऱ्या आतल्या चकचकीत वाटीची) चकाकी अंगठ्याएवढ्या जागेत उडून दुधाळ झालेली, कनेक्टर तपकिरी पडलेला आणि लॉक दाबायला गेलो तर त्याची जीभ तुटून हातात आली. रिफ्लेक्टरच गेला तर वाढवलेल्या वॉटचा उपयोग काय? वायरिंगवरही भार येतो, दोन्ही बाजू मिळून ७० ऐवजी ११० वॉट, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ६ अँपियरच्या जागी ९ च्या वर, फ्यूज १० चा असेल तर तो अगदी काठावर येतो.

हे चुकून होऊ नये म्हणूनच दोघांच्या बुडाचे कान (बल्ब अडकवायचे बाहेर आलेले तुकडे) आणि कनेक्टरच्या खाचा मुद्दाम थोड्या वेगळ्या ठेवल्यात. ते कान कानशीने घासून बसवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. बल्ब जरासा तिरका बसला तरी फिलामेंट जागेवरून हलतं, मग फॉगलॅम्पच्या झोताची वरची सरळ कड फिसकटते, उजेड वर जातो आणि धुक्यात तोच पांढरा पडदा होऊन आपल्या डोळ्यासमोर उभा राहतो, समोरून येणाऱ्याला त्रास होतो तो वेगळाच. "एच८, एच९, एच११ तिन्हीला चालेल" असं लिहिलेले एलईडी (एच९ हाही याच घराण्यातला बल्ब) मी याच कारणाने घेत नाही, रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो, एलईडीच्या नाही.

पिवळा की पांढरा हा आवडीचा भाग. मला पिवळा बरा वाटतो, एवढंच.

बदलायचं काम सोपं आहे. इंजिन बंद, लाइट बंद, बल्ब गार होऊ द्या. ज्या बाजूचा बदलायचा त्याच्या उलट दिशेला स्टेअरिंग पूर्ण वळवा म्हणजे चाकामागे हात घालायला जागा होते, मग चाकावरच्या प्लास्टिकच्या पुढच्या क्लिपा काढून ते बाजूला वाकवा. कनेक्टर काढा, बल्ब घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवून बाहेर घ्या आणि बुडावर काय छापलंय ते वाचा, नुसतं दिसण्यावर जाऊ नका कारण १९ वॉटचा एच१६ सुद्धा याच तोंडवळ्याचा असतो. आधीच्या कुणी चुकीचा टाकला असेल अशी शंका असेल तर गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा खरा धरा. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका, लागलंच तर स्पिरिटने पुसा. बुडाची रबर रिंग नीट बसलीय ना बघा, नाहीतर पावसात आत पाणी जातं. आणि क्लिपा परत ठोकायच्या आधी दोन्ही लाइट लावून बघा.