अन्नमदतीचे राजकारण : आपत्तीतील धान्य आणि प्रतिस्पर्धी सरकारे

दुष्काळ, पूर किंवा युद्धात सापडलेल्या लोकांसाठीचे धान्य एका सरकारने दुसऱ्या सरकारला नमवण्यासाठी, त्याची नाचक्की करण्यासाठी किंवा त्याच्या जनतेची मने आपल्याकडे वळवण्यासाठी वापरणे, म्हणजे अन्नमदतीचे राजकारण. धान्य उघडपणे नाकारण्याचे प्रकार कमीच घडतात, कारण नकाराने बदनामी होते. जास्त वापरले जाणारे हत्यार आहे उशीर. मदत जाहीर होते, कागद फिरत राहतो, आणि तेवढ्या काळात अडचणीतल्या सरकारला अट मान्य करावी लागते. पोटाला मात्र तारीख पुढे ढकलता येत नाही. म्हणूनच हे हत्यार चालते आणि म्हणूनच ते निंद्य आहे.

सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. कोठार कोणाचे आणि ते उघडायला हुकूम कोणाचा, हा प्रश्न इथे जुना आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची परवानगी न घेता सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली आणि विठोबाने महाराच्या रूपात जाऊन त्याची भरपाई केली, अशी परंपरा सांगते. भक्तिकथा म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. राज्यकारभाराच्या अंगाने पाहिले तर पेच असा आहे : धान्य जिल्ह्यात आहे, किल्ली राजधानीत आहे.

१८७६-७८ चा दुष्काळ

मुंबई इलाख्यात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी सोलापूर हा एक. रेल्वे इथे १८६० मध्येच पोहोचली होती, तेव्हा धान्य आणायची सोय नव्हती असे म्हणता येत नाही. अडचण सरकारांमधल्या ओढाताणीची होती. व्हाइसरॉय लिटनचे कलकत्त्यातील सरकार धान्यबाजारात हात घालायचा नाही या हट्टावर ठाम होते. मद्रास सरकारने स्वतःहून ३०,००० टन धान्य खरेदी केले तेव्हा कलकत्त्याने त्याला फटकारले. खर्च कमी करण्यासाठी नेमलेल्या रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराची रोजी एक पौंड धान्य, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, आणि वर एक आणा एवढ्यावर आणली. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला हे पुरत नव्हते. पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून वृत्तान्त गोळा करून सरकारपुढे मांडले आणि अनेक ठिकाणी मजुरांनी कामे सोडली. मोहोळ तालुक्यातील आष्टीचा तलाव या काळातल्या दुष्काळी कामांतूनच उभा राहिला.

शत्रूने देऊ केलेले धान्य हा याच विषयाचा दुसरा पदर. बंगालच्या दुष्काळात, ऑगस्ट १९४३ मध्ये, सुभाषचंद्र बोस यांनी रेडिओवरून ब्रह्मदेशातला एक लाख टन तांदूळ देऊ केला. स्वीकारला तर बोसांना मान्यता दिल्यासारखे होते आणि नाकारला तर बोभाटा होतो, म्हणून ब्रिटिशांनी बातमीच दाबली.

‘पीएल ४८०’ आणि आखूड दोर

अमेरिकेने १९५४ मध्ये केलेला ‘पब्लिक लॉ ४८०’ हा या राजकारणाचा सर्वांत अभ्यासलेला नमुना आहे. अमेरिकन शेतकऱ्यांचे शिलकी धान्य मित्रदेशांना सवलतीत, त्यांच्याच चलनात विकायचे, अशी ही योजना. भारताचा पहिला करार १९५६ चा. १९६० च्या करारात चार वर्षांत १.६ कोटी टन गहू आणि १० लाख टन तांदूळ ठरला. पैसे रुपयांत भरायचे असल्याने दिल्लीला ते स्वस्त वाटले. पण रेशनच्या दुकानांची शिस्त परदेशी जहाजांच्या वेळापत्रकाला बांधली गेली. पुढचे सगळे त्यातूनच आले.

१९६५ मध्ये पाऊस हुकला, १९६६ मध्ये पुन्हा हुकला. त्या वर्षी भारताला सुमारे १ कोटी टन धान्य आयात करावे लागले. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वर्षांचे करार बंद करून थोड्या थोड्या महिन्यांच्या गरजेपुरते धान्य सोडण्याची पद्धत लावली, आणि प्रत्येक मंजुरी स्वतःच्या सहीने. हाच तो ‘आखूड दोर’. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोममध्ये भारताचे अन्न व कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन यांच्यात शेतीधोरणाविषयी समझोता झाला. व्हिएतनामवरील बॉम्बफेकीवर भारताने केलेली टीका वॉशिंग्टनला झोंबली होती आणि जहाजे सुटण्याला विलंब होत राहिला. शेतीवरचा खर्च वाढवा, ही अमेरिकेची अट भारताच्या हिताचीच होती, असा युक्तिवाद केला जातो. सल्ला चांगला असेलही; दुष्काळातल्या माणसाच्या ताटाला तारण ठेवून तो देणे योग्य ठरत नाही.

हा दोर एवढा परिणामकारक का ठरतो, ते हिशेबातून कळते. जगात साधारणपणे माणशी दिवसाला २,१०० कॅलरी हे आपत्तीतील प्रमाण मानतात. त्यातला बहुतेक भाग सुमारे ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ आणि २५ ग्रॅम तेल यांतून भागतो. म्हणजे १०,००० लोकांना महिनाभर १२० टन धान्य, १८ टन डाळ, साडेसात टन तेल. रेल्वेचा ४२ वाघिणींचा एक रेक सुमारे २,६०० टन वाहतो; दोन लाखांहून थोड्या अधिक लोकांचा तो महिन्याचा शिधा. समुद्रापलीकडचे धान्य खरेदी, जहाज, बंदर, गोदाम करत तोंडापर्यंत यायला चार ते सहा महिने घेते. देशातला साठा सहा आठवड्यांचा असेल, तर एका सहीला पंधरा दिवस उशीर झाला की रेशनचे प्रमाण कमी करावे लागते आणि बाजारात भाव लगेच चढतात, कारण व्यापाऱ्याला जहाज निघाले नाही हे ग्राहकाच्या आधी कळते.

१९७४ मध्ये बांगलादेशाला याचा जबर फटका बसला. क्युबाला तागाची पोती विकल्याच्या कारणावरून अमेरिकेने अन्नमदत अडवली. ती पुन्हा सुरू होईपर्यंत पूर आणि महागाईने माणसे मेली होती. अधिकृत आकडा २६,००० चा. इतर अंदाज त्याच्या कितीतरी पट आहेत.

१९७२ चा दुष्काळ

सोलापुरातल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘बहात्तरचा दुष्काळ’ आणि ‘मिलो’ हे जोडीनेच येतात. मिलो म्हणजे आयात केलेली तांबडी ज्वारी. टणक दाणा, पिठाला विरी (चिकटपणा) नाही, भाकरी थापता थापता चिरायची. मालदांडीच्या शाळूवर, म्हणजे रब्बी ज्वारीवर, वाढलेल्या घरांना ती गिळवत नसे, तरी रांगा लावून घ्यावी लागली. तिला अनेकजण अमेरिकेची खैरात म्हणतात, ते बरोबर नाही. १९७१ च्या युद्धात अमेरिका पाकिस्तानच्या बाजूने उभी राहिली आणि भारताने सवलतीची धान्यआयात थांबवली. त्यामुळे १९७२-७३ मध्ये धान्य जागतिक बाजारात विकत घ्यावे लागले, तेही भाव भडकलेले असताना. १९७३ मध्ये सोव्हिएत संघाने २० लाख टन गहू उसना दिला. एकाच दशकात दोन्ही महासत्तांचे धान्य भारताच्या बंदरात उतरले, आणि दोघांचेही हिशेब निव्वळ धान्याचे नव्हते.

देशांतर्गत अडसर वेगळा होता. १९६४ पासून कमीअधिक प्रमाणात लागू असलेल्या झोनबंदीमुळे धान्य एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मोकळेपणाने नेता येत नसे. तुटीच्या महाराष्ट्रात भाव चढे, शिलकीच्या राज्यात उतरे, आणि मध्ये नाके. केंद्राने कबूल केलेला कोटाही राज्याला पुरता मिळाला नाही. लोक जगले ते मुख्यतः रोजगारामुळे : मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडून, पाझर तलाव आणि नालाबांध घालून मिळालेल्या मजुरीतून त्यांनी धान्य विकत घेतले. कामावर सुकडी हा तयार पौष्टिक खाऊही वाटला जात असे. मदत वस्तूऐवजी मजुरीच्या रूपात दिली की अडवणुकीची एक चावी आपोआप कमी होते.

देऊन जिंकणे

धान्य अडवून जसे राजकारण होते, तसे ते देऊनही होते. पूर्व जर्मनीतील जून १९५३ च्या उठावानंतर आयझेनहॉवर यांनी दीड कोटी डॉलरचे अन्न देऊ केले. सोव्हिएत संघाने नकार दिला. मग पीठ, चरबी, आटवलेले दूध यांची पाकिटे पश्चिम बर्लिनमध्ये वाटली आणि पूर्वेकडचे लोक ती न्यायला सीमा ओलांडून आले. पूर्व जर्मनीच्या सरकारने बर्लिनची रेल्वे तिकिटे रोखली, पाकिटे जप्त केली. पाकिटांनी काही काळ पोट भरले हे खरे. पण जप्तीचा त्रास झाला तो घेणाऱ्यांना.

१९८४ मध्ये दक्षिण कोरियात पूर आला तेव्हा उत्तर कोरियाने तांदूळ, कापड, सिमेंट आणि औषधे देऊ केली. नकाराची अपेक्षा असताना दक्षिणेने ती स्वीकारली आणि उत्तरेला शब्द पाळावा लागला. १९९५ मध्ये पाळी उलटली. दक्षिणेने दीड लाख टन तांदूळ देण्याचे ठरवले. पहिले जहाज चाँगजिन बंदरात शिरताना त्यावर उत्तरेचा झेंडा चढवायला लावला, आणि सगळी मदत धोक्यात आली.

झेंड्याइतकेच महत्त्व पोत्यावरच्या छपाईला असते. अमेरिकन पोत्यांवर हस्तांदोलनाचे चिन्ह असे. भारताने २०२१ मध्ये अफगाणिस्तानला ५०,००० टन गहू जाहीर केला तेव्हा पोत्यांवर भारतीय जनतेची भेट असा मजकूर होता. गहू अटारीवरून पाकिस्तानातूनच जायचा होता, आणि ट्रक कोणाचे यावर महिनोन्‌महिने घासाघीस चालली. शेवटी अफगाण ट्रक ठरले. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी पहिले २,५०० टन निघाले. जाहीर केलेला सगळा ५०,००० टन गहू दहा लाख लोकांना सुमारे चार महिने पुरतो. वाद चालू असताना हिवाळा सरत आला होता.

केंद्र आणि राज्ये

एकाच देशातील विरोधी पक्षांच्या सरकारांमध्येही हेच घडते. २०१८ च्या पुरात केरळला ८९,५४० टन तांदूळ दिला गेला आणि नंतर किलोला २५ रुपये दराने त्याचे बिल लावले गेले. त्याच वेळी परदेशी सरकारांची मदत न घेण्याच्या धोरणावर केंद्र ठाम राहिले. जून २०२३ मध्ये कर्नाटकाला गरिबांना मोफत तांदूळ देणाऱ्या अन्नभाग्य योजनेसाठी तांदूळ विकण्याचा होकार अन्न महामंडळाने दिला आणि लगेच केंद्राने राज्यांना विक्रीच बंद केली. कर्नाटकाने माणशी पाच किलोंऐवजी १७० रुपये खात्यात भरले. ही आपत्ती नव्हती, पण अक्कलकोट-मंगळवेढ्याच्या शिवेपलीकडच्या गावांना किल्ली कुठे आहे ते कळले.

वाटपाच्या टोकाला

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर व दक्षिण सोलापूर तालुक्यांतली गावे पाण्यात गेली. त्या काळात मराठवाडा आणि सोलापूर पट्ट्यात मदतीच्या किटवर नेत्यांची छायाचित्रे छापल्यावरून वाद झाले. सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरातही पिशव्यांवरच्या छायाचित्रांवरून असाच गदारोळ झाला होता. छायाचित्र छापण्यात वेळ जातो, आणि विरोधी गटाच्या वस्तीत ती पिशवी जाईलच याची खात्री राहत नाही.

बिघाड इथे अगदी साध्या जागी होतो. घरात पाणी शिरले तर चूल, सरपण, गिरणी, सारेच बंद; पहिले तीन-चार दिवस दहा किलो गहू काही कामाचा नसतो. तेव्हा शिजवलेले किंवा टिकाऊ अन्न लागते. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी इथे फार उपयोगी : भाकरी पूर्ण वाळवलेली असल्याने आठवडेच्या आठवडे टिकते, मात्र कोरड्या डब्यातच भरावी, ओल लागली की बुरशी धरते. धान्य नंतर द्यावे, तेही १४ टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचे. लाभार्थ्यांची यादी तलाठ्याच्या पंचनाम्यावर बनते. भाड्याने राहणारे, ऊसतोड मजूर आणि रेशनकार्ड वाहून गेलेले तिच्यातून सुटतात. यादी चावडीवर लावली, ग्रामसभेत वाचली, की गटातटाची कात्री लागणे अवघड होते.

वेळही पाहावी लागते. शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. त्याच आठवड्यांत फुकटचा गहू मोठ्या प्रमाणावर उतरवला तर बार्शीच्या अडतीत ज्वारीचा भाव पडतो आणि आधीच नुकसान सोसलेल्या शेतकऱ्याचे दुसऱ्यांदा नुकसान होते. जवळच्याच बाजारातून ज्वारी-डाळ खरेदी करून वाटणे, किंवा बाजार सुरू असेल तिथे रोख देणे, हा उपाय.

नियम

चौथ्या जिनिव्हा करारात (१९४९) युद्धात मुले, गर्भवती आणि बाळंतिणींसाठीचे आवश्यक अन्न सोडण्याची तरतूद आहे. १९७७ च्या पुरवणी प्रोटोकॉलने नागरिकांची उपासमार हे युद्धतंत्र म्हणून वापरण्यास बंदी घातली. २०१८ चा सुरक्षा परिषदेचा ठराव २४१७ हीच बंदी पुन्हा सांगतो. शांतताकाळातल्या ‘मंजुरी प्रलंबित’ या शेऱ्याला मात्र यातला एकही नियम लागू होत नाही.