कराओके शिरितोरी

कराओके शिरितोरी हा जपानमध्ये कराओकेच्या खोलीत खेळला जाणारा गाण्यांच्या साखळीचा खेळ आहे. एका खेळाडूने गायलेल्या गाण्याचे शीर्षक ज्या अक्षराने संपते, त्याच अक्षराने ज्याचे शीर्षक सुरू होते असे गाणे पुढच्याने निवडून गायचे, हा त्याचा मूळ नियम. महाराष्ट्रातील गाण्याच्या भेंड्यांशी असलेले साम्य उघड आहे. मात्र भेंड्यांत गायलेल्या ओळीचे शेवटचे अक्षर धरतात, तर इथे सामान्यतः शीर्षकाचे धरले जाते. त्यामुळे गाणे तोंडपाठ असण्यापेक्षा त्याचे नाव वेळेवर आठवणे महत्त्वाचे ठरते, कारण शब्द पडद्यावर दिसतातच.

शिरितोरी हा मूळचा शब्दांचा खेळ असून जपानी मुले तो अगदी लहानपणी शिकतात. शेपटाकडचे अक्षर उचलून त्याला नवा शब्द जोडत जाण्याची ही रीत जुनी आहे: मध्ययुगीन काव्यात ‘मोजिगुसारी’ म्हणजे अक्षरसाखळीचे प्रकार आढळतात आणि एदो काळाच्या (1603–1868) अखेरीस शिरितोरीची गाणी मुलांच्या तोंडी होती. कराओकेचा जन्म त्यामानाने अलीकडचा. कोबे शहरातील वादक इनोउए दाइसुके यांनी 1971 साली भाड्याने द्यायचे साथसंगीताचे यंत्र बाजारात आणले. त्यापूर्वी 1967 मध्ये तोक्यो येथे नेगिशी शिगेइची यांनीही असे यंत्र बनवले होते. 1980च्या दशकात ओकायामा प्रांतात मालवाहू कंटेनरचे रूपांतर गायनाच्या खोलीत झाले आणि मित्रमंडळींनी तासाच्या हिशेबाने खोली घेऊन आपापसात गाण्याची पद्धत रुळली. अनोळखी गिऱ्हाइकांसमोर बारमध्ये गाताना असा खेळ जमला नसता. तो या बंद खोलीतच फोफावला.

खेळाला दुसरा हातभार लागला तो गाण्यांच्या सूचीमुळे. पूर्वी प्रत्येक खोलीत जपानी वर्णक्रमाने लावलेली जाडजूड गाण्यांची वही असे. 1992 पासून टेलिफोन तारांवरून गाणी पुरवणारी यंत्रे आली, यथावकाश वहीची जागा ‘देन्मोकु’ नावाच्या हातात धरण्याच्या इलेक्ट्रॉनिक पाटीने घेतली, आणि आज या पाटीवर पहिले अक्षर टिपले की त्या अक्षराची शीर्षके एकाखाली एक येतात. एकजण गात असताना पुढचा खेळाडू मान खाली घालून पाटी चाळत असतो, आणि सुरू असलेल्या गाण्याची चार-पाच मिनिटे हाच त्याचा विचाराचा अवधी असतो. खोलीचे भाडे चालू असल्याने पुष्कळ गट एकच कडवे गाऊन गाणे थांबवतात. मग हा अवधीही आखडतो.

साखळी कशी चालते ते काही प्रसिद्ध गाण्यांवरून पाहता येते. इशिकावा सायुरी यांचे 1977 मधील ‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी’ हे गाणे ‘कि’वर संपते. त्याला त्याच वर्षीचे सेन मासाओ यांचे ‘किताग़ुनि नो हारु’ जोडता येते. त्यातून ‘रु’ येतो, आणि तेराओ आकिरा यांचे 1981 मधील ‘रुबी नो युबिवा’ मदतीला धावते. पुढे ‘वा’साठी कोयानागी रुमिको यांचे 1971 मधील ‘वाताशि नो जोकामाची’ आहेच. साकामोतो क्यू यांचे 1961 मधील ‘उए ओ मुइते आरुको’, जे 1963 साली अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या स्थानावर पोहोचले, लिपीत ‘उ’ने सुरू होऊन ‘उ’नेच संपते. उच्चारात शेवटी दीर्घ ‘ओ’ ऐकू येत असला तरी निर्णय बहुधा लिपीवरून होतो.

या खेळाची खरी गंमत, आणि खरी अडचणही, ‘र’च्या बाराखडीत आहे. प्राचीन जपानी भाषेत अस्सल देशी शब्द ‘र’ने सुरू होत नसत, रा, रि, रु, रे, रो यांनी सुरू होणारे शब्द प्रामुख्याने चिनी व युरोपीय भाषांतून आले. उलट शेवटी मात्र ही अक्षरे मुबलक आढळतात. वसंतासाठी ‘हारु’, रात्रीसाठी ‘योरु’ हे गीतकारांचे आवडते शब्द ‘रु’वर संपतात आणि असंख्य क्रियापदांचे मूळ रूपही. साध्या शिरितोरीत फक्त नामे चालत असल्याने क्रियापदांचा त्रास नसतो, पण गाण्याचे शीर्षक वाक्यही असू शकते. योआसोबी या जोडीचे 2019 मधील ‘योरु नि काकेरु’ क्रियापदानेच संपते. प्रतिस्पर्ध्याला पुन्हा पुन्हा ‘रु’ देत राहण्याच्या डावाला ‘रु-झेमे’, म्हणजे ‘रु’चा मारा, असे म्हणतात. त्यावर उतारा म्हणून खेळाडू ‘रु’ने किंवा ‘रे’ने सुरू होणाऱ्या गाण्यांच्या याद्या आधीच करून ठेवतात. ‘रा’ची टंचाई मात्र इंग्रजीने बरीच दूर केली: जपानी लिपीत ‘ल’ आणि ‘र’ वेगळे नसल्याने ‘लव्ह’ने सुरू होणारे प्रत्येक शीर्षक ‘रा’च्या खात्यात जमा होते, आणि प्रेमगीतांना कुठे तोटा आहे?

दुसरा मोठा धोका अनुनासिक ‘न्’चा. जपानी शब्द या अक्षराने सुरू होत नाही, म्हणून शिरितोरीत ‘न्’वर संपणारा शब्द उच्चारणारा तिथेच हरतो. भेंड्यांत ‘ळ’ किंवा ‘ण’ आला तर आपण ‘ल’ वा ‘न’ घेऊन पुढे जातो. शिरितोरी अशी सवलत देत नाही. अडचणीच्या अक्षरासाठी सहज सुचणारी गाणी नेमकी इथे घात करतात. ‘रु’साठी आराइ युमी यांचे 1975 मधील ‘रुजु नो देन्गोन’, ‘रो’साठी स्पिट्झ या वाद्यवृंदाचे 1995 मधील ‘रोबिन्सोन’, ‘रे’साठी योनेझु केन्शी यांचे 2018 मधील ‘रेमोन’: तिन्ही अतिशय लोकप्रिय आणि तिन्ही ‘न्’वर संपणारी. गाण्याच्या आनंदासाठी खेळणारे गट अशा वेळी त्याआधीचे अक्षर घेतात, पण मुरलेल्या खेळाडूंना ते पळवाट वाटते.

बाकीचे नियम खोलीगणिक बदलतात. दीर्घ स्वराची आडवी रेघ शेवटी आली तर रेघ सोडून आधीचे अक्षर घ्यायचे की लांबवलेला स्वर, ‘ग’ऐवजी ‘क’ चालेल का, हे आधी ठरवून घेणे शहाणपणाचे असते. चिनी चित्राक्षरांतील शीर्षकांत लेखन आणि वाचन यांची फारकत असू शकते: यामागुची मोमोए यांच्या 1977 मधील एका गाण्याचे शीर्षक ‘शरद’ आणि ‘साकुरा’ (चेरीचा मोहोर) या दोन चित्राक्षरांनी लिहितात, पण ते ‘कोसुमोसु’ असे वाचले जाते, त्यामुळे ते ‘को’च्या यादीत सापडते. एकाच नावाच्या अनेक गाण्यांवरूनही वाद होतात. ‘साकुरा’ याच शीर्षकाची वेगवेगळ्या कलाकारांची गाणी एवढी आहेत, की पुनरुक्तीचा नियम शीर्षकाला न लावता गाण्याला लावला, तर एक खेळाडू ‘सा’ मिळेल तेव्हा दर वेळी नवे ‘साकुरा’ गाऊन समोरच्याला ‘रा’वर अडकवू शकतो.