गाडीत पेट्रोलचा वास? आधी तो कधी येतो ते बघा

गणपतीला गावी निघताना पनवेलला टाकी फुल करायची, नोझल कट झाल्यावरही पंपावरच्या पोराला "राउंड फिगर कर रे" म्हणायचं आणि मग वडखळ येईपर्यंत मागच्या सीटवरची मंडळी नाकाला रुमाल लावून बसणार. हे इतक्या घरांत चालतं की टाकी फुल केली की वास यायचाच असं लोक धरूनच चालतात. तसं काही नसतं. गाडी धड असेल तर टाकी काठोकाठ भरलेली असली तरी आत वास यायला नको.

आता घाबरायचं किती? आपलं नाक पेट्रोलच्या बाबतीत भलतंच तिखट आहे, हवेच्या दहा लाख भागांत एखादा भाग वाफ असली तरी कळतं, आणि पेट घ्यायला हवेत साधारण 1.4 टक्के वाफ लागते, म्हणजे दोन्हीत हजारो पटींचा फरक. पण हा हिशोब केबिनचा झाला, बॉनेटखाली जिथे थेंब गळतोय तिथे तेवढी वाफ सहज जमते. शिवाय ती हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे वर उडून न जाता खाली साचते, बंद शेडमधे तर जमिनीलगत पसरून बसते. म्हणून तिथे बिडी-काडीपेटी नको, दिव्याचं बटणसुद्धा नको, गाडी ढकलून बाहेर काढा. अजून एक भानगड म्हणजे काही मिनिटांत नाक त्या वासाला सरावतं आणि आपल्याला वाटतं गेला वास. त्यामुळे शोधाशोध करताना मधे मधे बाहेर मोकळ्या हवेत जाऊन या, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणालातरी वास घ्यायला सांगा.

वास कुठून येतो यापेक्षा कधी येतो हे आधी बघा, अर्धं निदान तिथेच होतं. टाकी फुल असतानाच येतो आणि पाव टाकी संपली की जातो, तर दोष टाकीच्या वरच्या अंगाला. बऱ्याच गाड्यांत पेट्रोल पंप टाकीत वरून बसवलेला असतो आणि त्याचं झाकण मागच्या सीटखाली येतं, तिथली रबरी रिंग कडक झाली की वाफ थेट केबिनमधे. सकाळी पहिल्या स्टार्टला येतो आणि इंजिन गरम झालं की थांबतो, तर इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या बघायच्या, थंडीत रबर आखडतं आणि फट पडते. गाडी धक्के देतेय, चेक लाइट लागलाय आणि वास मागून सायलेन्सरकडून येतोय, तर ठिणगी पाडणारा एखादा प्लग किंवा त्याला वीज देणारी कॉइल मेलेली असते आणि न जळलेलं पेट्रोल बाहेर पडत असतं. आणि वेळकाळ न बघता सतत येत असेल तर आधी डिकी उघडा! आपल्याकडे पंप लांब, ग्रासकटरसाठी बाटलीतून पेट्रोल आणायची सवय, आणि मॅटखालच्या फोममधे कपभर सांडलं तरी हलका भाग उडून जातो आणि जड भाग आठवडाभर वास मारत राहतो. तिथे कापूर किंवा परफ्युम मारून उपयोग नाही, मॅट काढून कडक उन्हात टाका.

राउंड फिगरचा घोळ कॅनिस्टरमधे आहे. टाकीतल्या वाफेला वाट द्यायला एक डबा असतो, त्यात ॲक्टिव्हेटेड कोळसा भरलेला. या कोळशाला आतून इतकी बारीक भोकं असतात की एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे! गाडी उन्हात उभी असताना वाफ तिथे चिकटून राहते आणि इंजिन चालू झालं की पर्ज व्हॉल्व उघडून ती इंजिनात ओढली जाऊन जळते. पण हा कोळसा वाफेसाठी आहे, पातळ पेट्रोलसाठी नाही. नोझल कट झाल्यावर वर ओतत राहिलं की पेट्रोल डब्यात शिरतं, कोळसा भिजून निकामी होतो, आणि मग वास बाहेर. पेट्रोल भरल्या भरल्या गाडी लवकर स्टार्ट होत नसेल तर पर्ज व्हॉल्व उघडा अडकल्याचा संशय घ्या.

किनाऱ्यावर अजून एक शत्रू, खारा वारा. हवेत साधारण 75 टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून आपणच विरघळतं, आणि हर्णै काय, मालवण काय, पावसाळ्यात तर रात्रंदिवस हवा त्याच्या वरच असते. म्हणजे पत्र्यावर बसलेलं मीठ वाळतच नाही, गंज चालूच. मागच्या चाकाच्या मडगार्डआड पेट्रोल भरायची नळी जाते, तिथे चिखल आणि मीठ दोन्ही साचतं, आणि वॉशिंगवाले नेमकी तीच जागा सोडतात. शहरातला मेकॅनिक तिथे आधी बघणार नाही, तुम्ही बघायला सांगा. जुन्या गाडीत पूर्वीचं रबर असेल तर आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने ते फुगतं नाहीतर तडकतं. आणि पावसात ऊब शोधत बॉनेटखाली शिरणारे उंदीर होज कुरतडतात ते वेगळंच.

दुरुस्ती तशी महाग नसते, पण जुगाड नको. टाकीच्या भोकाला साबण चोळायची युक्ती खरी आहे, साबण पेट्रोलमधे विरघळत नाही म्हणून थोडा वेळ टिकतो, गॅरेजपर्यंत जायला ठीक. इंजेक्टरकडे पेट्रोल नेणाऱ्या इंजेक्शनच्या लाइनला मात्र असलं काही चालत नाही, तिथे तीन-चार बारचा दाब असतो, टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. होज इंजेक्शनचीच मागा, मीटरवर मिळणारी साधी नळी नको, आणि क्लॅम्पही नवीन घ्या. पाइप सोडवण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, दाब उतरतो, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, आणि इंजिन थंड झाल्यावरच हात घालायचा. काम झालं की वायर आणि फ्यूज परत लावून नुसती चावी फिरवा, स्टार्ट करू नका, पंप दोन सेकंद घुरघुरून दाब भरतो, तेवढ्यात मेकॅनिकला टॉर्च मारून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवायला सांगा. कागद ओला लागला तर पैसे द्यायची घाई करू नका.