१२३४५६७८९८७६५४३२१ (संख्या)

ही सतरा अंकी विषम संख्या म्हणजे १११११११११ चा, म्हणजे नऊ एकांच्या संख्येचा वर्ग. एकं, दहं, शतं अशा परंपरागत मोजणीत तिचा सर्वांत डावीकडचा अंक ‘मध्य’ या स्थानी येतो. त्यापुढचे स्थान परार्ध. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले गणिती दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर (१९०५–१९८६) यांनी १, १२१, १२३२१, … या वर्गांना ‘वंडरफुल डेम्लो संख्या’ म्हटले. डेम्लो हे एका रेल्वे स्थानकाचे जुने नाव. या मालिकेतली ही नववी संख्या. उलटसुलट सारखी वाचता येणारी चढउतार इथपर्यंतच टिकते.

असे का, ते उभा गुणाकार मांडला की दिसते. १११११११११ च्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक १, दुसऱ्यात दोन, असे वाढत मधल्या स्तंभात नऊ, मग पुन्हा उतार. कुठेही हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा डावीकडे जातो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे विस्कटते.

मूळ अवयव: १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७, म्हणून प्रस्तुत संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७². विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

अंकांची बेरीज ८१ आणि संख्येला ८१ ने निःशेष भाग जातो, म्हणून ही हर्षद संख्या आहे. हे नावही काप्रेकरांचेच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि तोही पूर्ण वर्ग आहे: १२३४५६७९². मधला ९ बाजूला ठेवून दोन्हीकडच्या आठ-आठ अंकी संख्या मिळवल्या तर १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, म्हणजे पुन्हा तोच मधला अंक. ही जुळणी सर्वांत सुंदर.

१११११११११ मात्र काप्रेकर संख्या नाही. वर्गाचे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ असे दोन भाग करून मिळवले तर मूळ संख्या यायला हवी. येते ९९९९९९९९९, म्हणजे मूळच्या नऊपट.

संगणकावर ही संख्या जपून हाताळावी. एक्सेल पहिले पंधरा अंकच राखते, त्यामुळे शेवटी ३२१ ऐवजी ३०० उमटते. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेच्या साध्या अंकप्रकारात २⁵³ (९००७१९९२५४७४०९९२) च्या पुढे, २⁵⁴ पर्यंत, फक्त सम संख्याच मावतात, म्हणून शेवटी ३२० येते. चूक पकडायला अंकांची बेरीज पुरते: पहिल्या उत्तराची ७८, दुसऱ्याची ८०, आणि दोन्हींना ९ ने भाग जात नाही. पायथॉन या संगणकभाषेतले पूर्णांक कितीही लांब असू शकतात, तिथे अंक शाबूत राहतात.