ला योरोना आणि ला मालिन्चे: रडणारी वेगळी, बोलणारी वेगळी

चिकाना लेखिका म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लेखिका. त्यांच्या कथांत दोन बदनाम आया वारंवार भेटतात आणि वाचकाची गल्लत होते. त्यात त्याचा दोष नाही, कारण काही लोककथांत मालिन्चेच मेल्यावर योरोना झाली असं सांगतात.

योरोना ही दंतकथा. तिनं पोटची मुलं नदीत बुडवली आणि आता ती रात्री काठाकाठानं रडत फिरते. आपल्याकडे बागुलबुवा, तशी मेक्सिकन घरांत ही.

मालिन्चे मात्र हाडामांसाची. १५१९ मध्ये लढाई हरलेल्या माया लोकांनी मेक्सिको जिंकायला आलेल्या स्पॅनिश एर्नान कोर्तेसला २० स्त्रिया नजर केल्या, त्यांतली ही एक. तिला अ‍ॅझ्टेकांची नाहुआत्ल भाषा येत होती आणि मायाही, म्हणून ती दुभाषी झाली. स्पॅनिश लोक दुभाष्याला 'जीभ'च म्हणत. पुढे तिला कोर्तेसपासून मुलगा झाला. परक्याला साथ दिली म्हणून ती फितूर ठरली, आणि परक्याचं तेवढं गोड मानणाऱ्याला मेक्सिकोत आजही 'मालिन्चिस्ता' म्हणून हिणवतात. आता, जिला तिच्याच मुलखात दासी म्हणून देऊन टाकलं, तिनं इमान राखायचं तरी कुणाशी? चिकाना लेखिकांनी हा प्रश्न लावून धरला, आणि मला तो बिनतोड वाटतो.

कथा वाचताना माझी खूण साधी आहे. पाणी, मुलं आणि आक्रोश असेल तर योरोना. भाषा, परका पुरुष आणि फितुरीचा ठपका असेल तर मालिन्चे. चिकाना लेखिका सांद्रा सिस्नेरोसच्या १९९१ च्या कथासंग्रहात दोघीही आहेत. एका कथेत गोरा प्रियकर चित्रकार नायिकेला लाडानं मालिन्चे म्हणतो. त्या लाडात कोर्तेस कोण, हे ठरूनच गेलेलं असतं.

संग्रहाच्या शीर्षककथेत क्लेओफिलास लग्न होऊन टेक्सासला येते आणि नवऱ्याचा मार खात राहते. घरामागच्या ओढ्याचं नाव 'ला ग्रितोना', ओरडणारी बाई. ती रागानं ओरडली की दुःखानं, गावात कुणालाच ठाऊक नाही. मूल घेऊन पाण्याकाठी बसलेल्या क्लेओफिलासला योरोना आठवते, आणि कथा आता त्याच वाटेनं जाणार अशी धास्ती वाटते. पण फेलिसे नावाची बाई स्वतःच्या मालकीच्या पिकअपमध्ये तिला घेऊन निघते आणि ओढा ओलांडताना टारझनसारखी आरोळी ठोकते. पोर दचकतं. मग गाडीत हसू ऐकू येतं, आणि ते क्लेओफिलासच्याच गळ्यातून फुटत असतं.