बॅच सुटला, परमिट सुटलेलं नाही

शनिवार-रविवार चार-चार तास गाडी चालवून हप्ता भागवायचा, अशा विचारात असलेल्या माणसाचा फोन आला की आता मी पहिला प्रश्न विचारतो, "गाडी कुणाची?" उत्तर ठरलेलं. "माझीच की. घरातलीच हाय." आणि पाठोपाठ ते वाक्य येतं, जे मी बेळगावच्या उद्यमबागेत चहाच्या गाड्यावर ऐकलंय, खानापूरला लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि परवा दाढी करताना अर्ध्या फेसातही ऐकलं : "आता सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, साध्या लायसन्सवर टॅक्सी चालते."

सांगितलंय खरं, पण ते तुमच्याबद्दल सांगितलंय. तुमच्या गाडीबद्दल कोर्ट चकार शब्द बोललेलं नाही.

लायसन्स म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही. आठचा आकडा काढून, रिव्हर्स घेऊन तुम्ही ते मिळवलंय. त्यावर 'एलएमव्ही' लिहिलेलं असतं, म्हणजे हलकं मोटार वाहन. पूर्वी यावर वेगळी नोंद करून घेतल्याशिवाय टॅक्सी चालवता येत नसे. त्या नोंदीला आणि तिच्याबरोबर येणाऱ्या बिल्ल्याला मिळून आपल्याकडे सगळे 'बॅच' म्हणतात. अपघात झाला की विमा कंपन्या याच मुद्द्यावर अडून बसायच्या, ड्रायव्हरकडे टॅक्सीची नोंद नव्हती म्हणून भरपाई देणार नाही. २०१७ साली तीन न्यायाधीशांनी हे अडणं चुकीचं ठरवलं. वाद तरीही शमला नाही, म्हणून तो पाच जणांच्या घटनापीठापुढे गेला आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला : एकूण वजन ७,५०० किलोंच्या आतलं प्रवासी किंवा मालवाहू वाहन एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. टॅक्सीत वापरली जाणारी कुठलीही कार या वजनाच्या पुष्कळ आत बसते. बॅचचा विषय इथे संपला.

परमिट मात्र गाडीचं असतं. हे वाक्य इतकं साधं आहे की लोक मान डोलावतात आणि दुसऱ्या मिनिटाला परत तीच चूक करतात. का करतात, याचा मी बराच विचार केला. माझ्या मते सगळा घोटाळा त्या तीन अक्षरांचा आहे. तुमच्या लायसन्सवर एलएमव्ही असतं. घरच्या गाडीचं आरसी बुक काढून बघा, तिथेही गाडीचा वर्ग 'मोटर कार (एलएमव्ही)' असा दिसेल. मग डोकं आपोआप हिशेब घालतं : कोर्टानं एलएमव्हीवर टॅक्सी चालते म्हटलंय, माझी गाडी एलएमव्ही आहे, म्हणजे चालते. आता एखाद्या टॅक्सीचं आरसी बघा. तिथे 'मोटर कॅब (एलपीव्ही)', म्हणजे हलकं प्रवासी वाहन, असं असतं. एम जाऊन पी आला की गाडीची जातच बदलते. कोर्ट बोललं ते लायसन्सवरच्या एलएमव्हीबद्दल. आरसीवरचं एलएमव्ही होतं तिथेच आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यातलं कलम ३ सुरू होतं 'कोणतीही व्यक्ती' असं म्हणून : लायसन्स असल्याशिवाय कोणतीही व्यक्ती गाडी चालवणार नाही. कलम ६६ सुरू होतं 'कोणताही मालक' असं म्हणून : परमिट असल्याशिवाय कोणताही मालक आपली गाडी भाड्याच्या वाहतुकीला वापरणार नाही आणि वापरूही देणार नाही. एक कलम स्टिअरिंगमागच्या माणसाशी बोलतंय, दुसरं ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याशी. केंद्र सरकारनेही दोन वेगळी पोर्टलं केली आहेत, लायसन्ससाठी 'सारथी' आणि गाडीसाठी 'वाहन'. सारथ्याच्या खिडकीत रथाचा कागद मिळत नाही, हे आपल्या लोकांना वेगळं समजावून सांगावं लागतं याचंच मला नवल वाटतं.

आता हेच व्यवहारात बघू. तुमच्याकडे साधं लायसन्स आहे आणि ओळखीच्या मालकाची यलो बोर्ड, म्हणजे पिवळ्या पाटीची भाड्याची गाडी शनिवारी उभी असते. ती तुम्ही चालवा. निकालाचा खरा फायदा झाला तो याच माणसाला, आणि गंमत म्हणजे तोच मला कधी फोन करत नाही. मी स्वतः हेच करतो. चुलत भावाची गाडी, परमिट त्याचं, लायसन्स माझं. दिवसाच्या भाड्यातून डिझेल आणि त्याचा ठरलेला आकडा वजा करायचा, उरेल ते माझं. उलट तुमच्याकडे बॅचसकट वीस वर्षांचं जुनं लायसन्स आहे, पण गाडी व्हाइट बोर्ड, म्हणजे पांढऱ्या पाटीची खासगी आहे, तर तुम्ही सांबऱ्याच्या विमानतळावरून एक पॅसेंजर पैसे घेऊन टिळकवाडीत सोडलात तरी कलम १९२-अ लागू होतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि १०,००० रुपये दंड, असं कायद्यात लिहिलेलं आहे.

"पण मी पार्ट टाइमच करतो ना!" या वाक्याची मला ॲलर्जी आहे. परमिटला तास कळत नाहीत. गाडी भाड्याने वापरली की नाही, एवढंच बघितलं जातं. सोमवार ते शुक्रवार ती गाडी घरापुढे आच्छादन घालून झोपलेली असली, तरी शनिवारच्या फेरीपुरती ती टॅक्सीच.

दंडापेक्षा मला भीती विम्याची वाटते. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' म्हणून एक परिच्छेद असतो, बारीक अक्षरात. भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापर केल्यास संरक्षण नाही, असं त्यात असतं. शिवाय परमिट नसलेली गाडी भाड्याने वापरली, हा बचाव कायद्यानेच विमा कंपनीच्या हाती दिलेला आहे. म्हणजे बघा, ज्या निकालाने कंपन्यांची लायसन्सची सबब काढून घेतली, त्याच निकालाच्या भरवशावर तुम्ही त्यांना परमिटची सबब आणून देताय. गाडी ठोकली तर दुरुस्ती तुमच्या खिशातून, आणि समोरच्याला लागलं असेल तर कोर्टात उभं राहायचं तेही तुम्हीच.

सहकाऱ्याला वाटेत घेतलं आणि त्याने पेट्रोलला शंभर रुपये दिले, तर? माझी कसोटी साधी आहे. तो आला नसता तरी तुम्ही त्या वाटेने जाणारच होता का? हो, तर मला त्यात टॅक्सी दिसत नाही. तो बोलावतोय म्हणून गाडी बाहेर काढली, तर ते भाडं. मग त्याला वडाप म्हणा नाहीतर शेअरिंग.

आपल्या भागात या गोंधळाला आणखी एक शेपूट आहे. लायसन्स देशभर चालतं. केए-२२चा, म्हणजे बेळगावचा माणूस कोल्हापुरात गाडी घेऊन निघाला तर कोगनोळीला, राज्याच्या सीमेवर, कुणी त्याचं लायसन्स परकं म्हणत नाही. परमिटचं तसं नाही. कर्नाटकापुरतं परमिट असलेल्या टॅक्सीला चंदगड तालुक्यातल्या शिनोळीचं भाडं आलं, तर शहरापासून वीस किलोमीटरच्या आत ती दुसऱ्या राज्यात शिरते. चोर्ला घाटातून गोव्याला उतरलात तरी तेच. त्यासाठी एकतर अखिल भारतीय टुरिस्ट परमिट हवं, नाहीतर त्या फेरीपुरतं तात्पुरतं परमिट काढून त्या राज्याचा कर भरायचा. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. परमिटच्या हिशेबाने मात्र सीमा रोज संध्याकाळी शिनोळीच्या रस्त्यावर उभी असते. म्हणून भावाची गाडी घेताना मी आधी विचारतो, परमिट टुरिस्ट आहे की राज्यापुरतं? त्याने गोवा-कोल्हापूरची भाडी सोडायची नाहीत म्हणून टुरिस्टच काढलंय.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. टॅक्सीला फिटनेस सर्टिफिकेट लागतं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांनी हिरव्या पाटीला फसू नये : हिरव्यावर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी, पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची. हिरवी आहे म्हणून सगळं माफ, असं सांगणारा एक भेटलाय मला.

आपलीच गाडी यलो बोर्ड करून घेता येते का? येते. कर्ज असेल तर बँकेची संमती, आरसीवर वर्ग बदलणं, फिटनेस, परमिट, कर, आणि विम्याची नवी पॉलिसी. जुन्या खासगी पॉलिसीवरच चालवायची नाही. एवढं करून आठवड्याला आठ तास चालवणार असाल तर मी तरी करणार नाही. विकताना गिऱ्हाईक यलो बोर्ड म्हटलं की भाव पाडतं, आणि परत खासगी करायची तर पुन्हा तेवढेच हेलपाटे.

परवाच्या फोनवाल्यालाही हेच सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मग दादा, तुमच्या भावाची गाडी रविवारी रिकामी असती काय?"